बैठकीच्या खोलीतली चाचणी फेरी

विमानाला चौदा तास लागतात, हे आमच्या शेजारच्या कंट्रोलरांनी ऐकून घेतलं, पण मान्य केलं नाही. कंपनी काहीही छापते, म्हणाले.

कंट्रोलर हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. नोकरीभर ते बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर वाहतूक सुटली, नियंत्रण तेवढं राहिलं. आमच्या जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर आधी कुणी जायचं, हे अजूनही तेच वरून ओरडून सांगतात. माणूस मनाने चांगला. फक्त कुठलीही गोष्ट सुरू होताना आणि संपताना त्यांना घड्याळ बघू द्यावं लागतं.

प्रकरण निघालं ते वहिनींच्या भावावरून. वहिनी म्हणजे कंट्रोलरांच्या पत्नी. त्यांचा धाकटा भाऊ पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला दातांचा डॉक्टर आहे. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. वहिनींनीच त्याचे डबे भरले, फी भरली, अधूनमधून पाठीत धपाटे घातले आणि शेवटी विमानतळावर नेऊन सोडलं. तिकडे लोकांचे दात काढण्यात त्याचं तारुण्य गेलं, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी, सगळ्यांनी नाद सोडून दिल्यावर, त्याने लग्न ठरवलं. मुलगीही (वहिनी तिला मुलगीच म्हणतात) पन्नाशी ओलांडलेली, शाळेत भूगोल शिकवणारी.

त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो.

"ताई, तू येणार असशील तर तारीख धरतो," तो म्हणाला. "तुम्हा दोघांची तिकिटं मी काढतो. नाही तर आम्ही दोघं जाऊन सह्या करून येतो आणि तुला फोटो पाठवतो."

"फोटो पाठवलास तर याद राख," वहिनी म्हणाल्या. "मी येते."

फोन ठेवला आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने त्यांच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्या गुडघ्याला एका जागी फार वेळ बसायची मनाई केली होती. इतके दिवस कंट्रोलरांना त्या डॉक्टरांचं एकही वाक्य आठवत नसे. त्या दिवशी सगळी चिठ्ठी तोंडपाठ होती.

आठवडाभरात होकार किंवा नकार कळवायचा होता. कंट्रोलरांनी तो आठवडा अंतर तपासण्यात घालवला. मुलाचा शाळेतला नकाशांचा जुना संग्रह काढला, इथल्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत दोरा ताणला, पट्टी लावली. साडेपंधरा हजार किलोमीटर भरले. कंपनी म्हणत होती साडेबारा.

"तीन हजार किलोमीटर गेले कुठे?" त्यांनी मला विचारलं. जणू मी खिशात घातले होते.

त्यांनी थेट मेव्हण्याला फोन लावला. मेव्हण्याने होणाऱ्या बायकोला विचारून सांगितलं, की नकाशा सपाट असतो, पृथ्वी गोल असते, तेव्हा एखाद्या गोल वस्तूवर दोरा ताणून बघा. कंट्रोलर आमच्याकडे आले. आमच्या घरात मी सोडल्यास गोल असं काही नव्हतं. शेवटी बायकोने कोबीचा गड्डा दिला. त्यात दोन टाचण्या खोचल्या, दोरा घट्ट ओढला, तर तो बाजूने जायचा सोडून सरकत सरकत देठाच्या दिशेने गेला.

"म्हणजे हे लोक डोक्यावरून नेणार? बर्फावरून?"

"तसंच दिसतंय."

"घाटातून नेतात म्हणा की," कंट्रोलर म्हणाले, आणि अंतराचा आक्षेप मागे घेतला. पण वेळेचा राहिला. जाताना चौदा तास, येताना साडेपंधरा. तोच रस्ता, तेच विमान. डेपोत असा फरक दिसला तर ते ड्रायव्हरकडून लेखी खुलासा घेत.

"वरती वारा असतो हो. जाताना पाठीमागून, येताना समोरून," मी म्हणालो.

"वारा आमच्याकडेही होता. आम्ही सबबी सांगितल्या नाहीत."

वहिनी भाजी निवडत हे सगळं ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मोजून झालं असेल तर सांगा. जायचं की नाही?"

तेव्हा कंट्रोलरांनी चाचणी फेरीचा प्रस्ताव मांडला.

डेपोची पद्धत अशी, की नवीन मार्ग सुरू करायचा तर आधी गाडी रिकामी न्यायची. रिकामी म्हणजे उतारूंशिवाय. उतारूंच्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवायची. गाडी वेळेत पोचली, पोती जागेवर राहिली, तर मार्ग मंजूर. कंट्रोलरांच्या कारकिर्दीत या परीक्षेशिवाय एकही मार्ग सुरू झाला नाही.

"म्हणजे मी पोतं?" वहिनींनी विचारलं.

"तू उतारू. रविवारी या खोलीत विमानासारख्या खुर्च्या मांडायच्या आणि चौदा तास बसायचं. तासातून एकदा उठून फिरायला परवानगी. तुझ्या गुडघ्याला जमलं तर मी स्वतः होकार कळवतो. तू मध्येच जमत नाही म्हणालीस, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. निकाल दोघांवर बंधनकारक."

"दोघांवर?"

"दोघांवर."

"दोघांवर ना?" वहिनींनी पुन्हा विचारलं.

"अगं हो, किती वेळा सांगू!"

वहिनींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली, हे मला तेव्हाच कळलं. उतारू म्हणूनही झाली, हे नंतर कळलं. तीन खुर्च्यांच्या रांगेत वहिनींच्या शेजारी एक जाडा माणूस हवा होता. विमानात तो असतोच, असं कंट्रोलर म्हणाले, आणि माझ्या पोटाकडे पाहून त्यांनी दुसरा उमेदवार शोधला नाही.

माझ्या बायकोने हवाई सुंदरी व्हावं, असंही सुचवण्यात आलं.

"इतकी वर्षं दुसरं काय करतेय?" ती म्हणाली. "खुर्चीतल्या माणसाला चहा नेऊन द्यायचा आणि काय हवं-नको ते हसून विचारायचं. निदान गणवेश तरी द्या."

रविवारी पहाटे आम्ही तिथे पोचलो, तेव्हा जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या. समोर भिंतीकडचं कपाट ओढून गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर आणलं होतं. खिडकीकडची जागा कंट्रोलरांनी स्वतःसाठी ठेवली होती, निरीक्षणाला बरी पडते म्हणून. खिडकी मात्र बंद. इतक्या उंचीवर उघडत नाहीत, म्हणाले. मध्ये वहिनी, अलीकडे मी. सहा वाजता कंट्रोलरांनी गळ्यातली डेपोतली शिट्टी वाजवली आणि आम्ही निघालो.

पहिला तास सुखाचा गेला. वहिनींनी शिवणाचा डबा काढून नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावायला घेतली.

"सुई विमानात चालत नाही," कंट्रोलर म्हणाले आणि डबा जप्त केला.

"मग बटणं तुम्हीच लावा तिकडे गेल्यावर."

"गेल्यावर ना!"

या 'गेल्यावर ना' मधला सूर माझ्याही लक्षात आला, वहिनींच्या तर आलाच आला.  हाताला काम नव्हतं म्हणून त्या माझ्याशी बोलायला लागल्या. भावाच्या लहानपणच्या गोष्टी निघाल्या. तो दातांचा डॉक्टर झाला, पण लहानपणी स्वतःचा हलणारा दात काढू द्यायचा नाही, कपाटाखाली जाऊन बसायचा. वहिनी बाहेर बसून राहायच्या, तो येईपर्यंत.

"तो दोनदा येऊन गेला, भावजी," त्या म्हणाल्या. "मी एकदाही नाही गेले. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलाची परीक्षा, मग ह्यांची बढती, मग निवृत्ती. दर वेळी म्हणायचं, पुढच्या वर्षी. त्याचं घर कुठे पळून जातंय, असं मला सगळे सांगायचे. घर नाही पळालं. तो म्हातारा झाला."

कंट्रोलर खिडकीच्या बंद काचेतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी निरखत होते.

नऊच्या सुमारास बायकोने नाश्ता आणला. कंट्रोलरांनी ताट मांडीवर ठेवायला लावलं आणि कोपरं अंगाशी घट्ट धरायचा हुकूम दिला. त्यानंतर वातावरण खराब झाल्याचं जाहीर करून ते वहिनींची खुर्ची हलवू लागले. चहा माझ्या लेंग्यावर सांडला.

"एवढं हलतं का?" मी विचारलं.

"ऐनवेळी त्याहून जास्त. हिला सवय हवी. कसं वाटतंय गं? मळमळतंय?"

"नाही."

"मळमळत असेल तर सांग. लाजू नकोस."

"मी नऊ महिन्यांची गरोदर असताना तुमच्याच गाडीने घाटातून आणलं होतं मला. तेव्हा नाही मळमळलं."

दुपारी एकच्या पुढे मात्र गुडघा बोलायला लागला. वहिनींनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, पण त्यांचा हात खुर्चीच्या कडेवर घट्ट झाला, आणि दोन-तीनदा त्यांनी पाऊल कपाटाखाली सरकवून सरळ करायचा प्रयत्न केला. कंट्रोलरांच्या नजरेतून तो सुटला नाही. त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला.

"बास का? अगं, जिवाला त्रास करून कुठे जायचं? तो समजून घेईल. आपण त्याला छान भेट पाठवू."

"तास झाला का?" वहिनींनी विचारलं.

"झाला."

"मग फिरून येते."

मी उठून वाट दिली. त्या स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, भिंतीला धरून परत आल्या, पुन्हा गेल्या. आत माझी बायको काही विचारत होती आणि वहिनी 'ठीक आहे गं' म्हणत होत्या. त्या आवाजावरून ठीक नाही हे मला कळलं, आणि पलीकडच्या खुर्चीतल्या कंट्रोलरांनाही कळलं असणार. ते घाईघाईने माझ्याकडे वाकले. "हरणार," ते कुजबुजले. त्यात आनंद होता की दुसरं काही, ते मला सांगता आलं नसतं.

वहिनी येऊन बसल्या. बसताना दोन्ही हातांवर भार घेतला. तेव्हा कंट्रोलरांना पहिल्यांदाच आपण स्वतःही बसलेले आहोत याची जाणीव झाली असावी.

"पुढे कोण आहे?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"कुठे पुढे?"

"पुढे. चालवतंय कोण?"

आम्ही तिघांनी कपाटाकडे पाहिलं.

"दोन वैमानिक असतात म्हणे," वहिनी म्हणाल्या. "दार लावून बसतात."

"दार लावून?"

"आतून कडी."

"मग उतारूंना दिसत नाहीत?"

"कशाला दिसायला हवेत? आपण काय त्यांना बघायला जातोय?"

 कंट्रोलर हालचाल करू लागले. आधी डावीकडे, मग उजवीकडे. कपाळाला घाम आला. खिडकी उघडा म्हणाले, मग स्वतःच म्हणाले, उघडत नाही. पाणी मागितलं आणि प्यायले नाहीत. साधारण तीनच्या सुमारास ते उठले, वहिनींच्या आणि माझ्या गुडघ्यांवरून पाय टाकत बाहेर पडले, आणि गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभे राहिले.

"हे उतरले," वहिनी म्हणाल्या.

"फिरायला गेले असतील."

"त्यांचा तास व्हायचाय. आणि तिकडे गॅलरी नसते, भावजी. खाली समुद्र आहे."

कंट्रोलर परत आले नाहीत. मी सुटका होईल या आशेने वहिनींना विचारलं, की परीक्षकच गेला, आता चालू ठेवायचं का? त्या म्हणाल्या, परीक्षक गेलाय, भाऊ कुठे गेलाय? तेव्हा बसलो. संध्याकाळी त्यांचा गुडघा इतका आखडला, की माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या उठल्या. दर तासाला उठल्या आणि दर तासाला परत येऊन बसल्या. मधल्या वेळात मला झोप लागली. मी घोरलो, असं नंतर सांगण्यात आलं, आणि त्यामुळे चाचणीचं मोल वाढलं असंही.

आठ वाजले. बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "वाजले आठ. उठा आता."

वहिनी उठल्या नाहीत. "शिट्टी झाली नाही," त्या म्हणाल्या.

शिट्टी कंट्रोलरांच्या गळ्यात, आणि कंट्रोलर गॅलरीत. त्यांना हे सगळं ऐकू जात होतं. आठ वाजून पाच मिनिटं झाली. वहिनी समोरच्या कपाटाकडे बघत तशाच बसून राहिल्या. एका हाताने गुडघा दाबत होत्या. शेवटी कंट्रोलर दारात आले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. चहाची किटलीसुद्धा याहून जोरात वाजते.

"पाच मिनिटं उशीर झाला," वहिनी म्हणाल्या. "लेखी खुलासा द्या."

त्यांना उठवायला आम्ही दोघं लागलो. कंट्रोलर बाजूच्या स्टुलावर बसले होते आणि खाली बघत बोलत होते. "बाकी सगळं ठीक आहे. मला ते दार नाही सहन झालं. रोज पहाटे एकेका ड्रायव्हरला समोर उभं करायचो. डोळे बघायचो, तोंडाचा वास घ्यायचो, घरी सगळं बरं आहे ना विचारायचो. मगच गाडी सोडायची. ज्याचं तोंड मी पाहिलं नाही त्याच्या गाडीत मी कधी बसलोच नाही. तुला वाटलं असेल मला वेळ नव्हता म्हणून आपण कुठे गेलो नाही."

"मला काय वाटलं ते राहू द्या," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. "माझा गुडघा पुढे करून तुम्ही लपलात. तो बिचारा तुमच्यासाठी चौदा तास दुखला."

"मग आता?"

"निकाल दोघांवर बंधनकारक. मी बसले, तुम्ही उतरलात." त्यांनी फोन घेतला आणि भावाला लावला. "तारीख धर. हो. नाही, एकच तिकीट. तुझे भाऊजी नाही येत. तब्येत चांगली आहे त्यांची. त्यांना इथे काम आहे."

"काय काम आहे मला?" कंट्रोलरांनी विचारलं.

"तुम्ही डेपोत असायचात तेव्हा मी घरी जे करायचे, ते."

वहिनी गेल्या. निरोपाला कंट्रोलर विमानतळापर्यंत आले, आणि एका सुरक्षारक्षकाला वैमानिक कुठून जातात असं विचारल्यामुळे आम्हाला थोडा वेळ बाजूला उभं करण्यात आलं. तोवर वहिनी आत निघून गेल्या होत्या. ढकलगाडीचं एक चाक अडत होतं, तिला ढकलण्यातच त्यांचं सगळं लक्ष होतं. कंट्रोलर म्हणाले, तिने पाहिलं नाही ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या पोचल्याचा फोन आला. कंट्रोलरांनी मला ऐकता यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"कशी झाली फेरी?"

"छान. शेजारी एक बाई होत्या. सुनेची सगळी हकीकत सांगितली त्यांनी, अगदी पहिल्या दिवसापासून. चौदा तास कुठे गेले कळलंसुद्धा नाही. उतरायची वेळ झाली तेव्हा गोष्ट पुरी व्हायची होती, आम्ही दोघी तशाच बसून राहिलो."

"आणि गुडघा?"

"कुठला? अगं बाई, विसरलेच."

कंट्रोलरांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "चाचणीत सून आपण धरलीच नव्हती."

मग वहिनींच्या मागून एक पुरुषी आवाज काहीतरी म्हणाला, एक बाई हसली, वहिनीही हसल्या. वहिनींचं असं हसणं आम्हा शेजाऱ्यांना ओळखीचं नव्हतं. कंट्रोलरांनाही नसावं, कारण त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे पाहिलं.

"ऐका हो," वहिनी म्हणाल्या. "हे दोघं म्हणतायत, लग्नाला आलेय तर महिनाभर तरी राहा. मी दोन म्हणाले."

"दोन दिवस?"

"महिने."

"आणि परत कधी—"

"ते कळवते ना. आता ठेवते, हे दोघं मला तिची शाळा दाखवायला नेतायत."

फोन बंद झाला.  कंट्रोलर उठून स्वयंपाकघरात गेले. एक डबा पडल्याचा आवाज आला, नंतर दुसरा. मी घरी आलो, तर थोड्या वेळाने त्यांनी आमच्या दारावर टकटक केली. हातात एक अंडं होतं आणि गळ्यात शिट्टी.

"उकडायला किती मिनिटं लागतात?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

"गार पाण्यात टाकणार की उकळत्या?"

कंट्रोलर विचारात पडले. "तुम्ही निघण्याची वेळ कुठून धरता?"

"पाणी उकळलं की."

"आणि त्याच्या आधीचा वेळ कुणाच्या नावावर?"

"बाईच्या," बायको म्हणाली, आणि पातेलं घ्यायला आत वळली.